तिसऱ्या डोलकाठीचं शीड

बाबा, मी माल्टाला जाऊन आलो. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "एकटाच गेला होता का रे?" हो, एकटाच गेलो. डब्लिनला सकाळचा चहा घेतला आणि दुपारी तिथे उतरलोसुद्धा, इतकं ते इथून जवळ आहे. तुम्ही सीताबर्डीच्या फुटपाथवरून ते पुठ्ठा नसलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं होतं, डिक्शनरी मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं वाचलं होतं, आणि त्या बेटावरच्या व्रतस्थ सरदारांच्या युद्धनौकांवर काय शिजायचं, कोण कुठे झोपायचं, पावसात शिडाचं कापड किती जड व्हायचं, हे सगळं मला जेवताना ऐकवलं होतं. समुद्र मात्र तुम्ही शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला, तोही पोरं मोजण्याच्या नादात धड पाहिला नाही. म्हणून तुमच्या वतीने मी बंदरावर बराच वेळ उभा राहिलो. पाणी निळं आहे, तुम्ही सांगायचात त्याहून निळं. बाकीही बरंचसं तुम्ही सांगितलं तसंच आहे. पण एका बाबतीत तुम्ही पकडले गेलात, बाबा, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुमच्याशिवाय सांगणार कुणाला? म्हणून लिहायला बसलो.

आपलं घर दोघांचं. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की तिचा आवाज मला आठवत नाही, हात तेवढे आठवतात. तुम्ही शाळेत सातवी-आठवीला इतिहास शिकवायचात आणि शाळेत जे शिकवता यायचं नाही ते संध्याकाळी मला शिकवायचात. स्टोव्हवर वरण उकळतंय, मी पाटावर बसलोय आणि तुम्ही हातातल्या पळीने हवेत जहाज काढताय. "तीन डोलकाठ्या. पुढची, मधली, मागची. खाली तोफांच्या रांगा. अन् माणसं किती, तर आपली सगळी शाळा त्या एका जहाजात कोंब, मास्तरांसकट." ते सरदार मोठमोठ्या घरांतले, पण दारिद्र्याचं, ब्रह्मचर्याचं आणि आज्ञा पाळण्याचं व्रत घेतलेले. लढायचं आणि आजाऱ्यांची सेवा करायची, ही दोन्ही कामं एकाच माणसाने करायची. समुद्रावर ठरलेल्या फेऱ्या मारल्याशिवाय कोणाला मोठं पद नाही. पिपातलं गोडं पाणी काही दिवसांत हिरवं पडायचं. बिस्किटं इतकी जुनी की खाण्याआधी फळीवर आपटून किडे पाडायचे. हे सांगताना तुम्ही टोस्ट ताटावर आपटायचात आणि मी हसून हसून लोळायचो. संध्याकाळी सगळ्यांनी टोप्या काढून, ओल्या दोरांच्या गुंत्यात उभं राहून प्रार्थना म्हणायची. मी एकदा विचारलं होतं, मग घाण उपसायचं काम कोण करायचं? तुम्ही पळी खाली ठेवलीत. म्हणालात, "गुलाम. पकडून आणलेले. सेवेचं व्रत घेणाऱ्यांनीच गुलाम ठेवले होते, हेही डोक्यात ठेव." चांगलं आणि वाईट एका दमात सांगायची तुमची ही पद्धत मला तेव्हा कळत नव्हती. आता कळते, आणि तशी माणसं फार भेटत नाहीत हेही कळतं.

सहावीत मला टायफॉइड झाला ते दिवस तुम्हाला आठवत असतील. परीक्षा जवळ आलेल्या, रजा मिळेना. तुम्ही पहाटे उठून भात आणि पातळ वरण करून ठेवायचात, माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचात आणि शेजारच्या काकूंना सांगून शाळेत जायचात. एक दिवस माझ्याच हाताने तांब्या लवंडला. काकू डोकावल्या, म्हणाल्या, "काही पाहिजे का रे राजा?" मी म्हटलं, नाही. पुन्हा आल्या, पुन्हा नाही. घशाला कोरड पडली होती, पण मागायला तोंडच उघडेना. एक माणूस आधीच आपल्यासाठी एवढं करतंय, त्यात आणखी काय मागायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शिकलो होतो. तुम्ही घरी आलात तेव्हा माझे ओठ फुटले होते. बाहेर तुम्ही अगदी शुद्ध बोलायचात, पण राग आला की थेट गावाकडचं निघायचं. "काऊन रे? तोंड नाही का तुले? काकू इथंच होती ना? मागता नाही येत?" इतक्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. मी रडलो नाही, नुसता बघत राहिलो. तुम्ही मला चमच्याने पाणी पाजलंत आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात.

वळलात तेव्हा गोष्ट सांगायचा आवाज लावलात, पण तो मधूनच कापत होता. "त्या जहाजावर," तुम्ही म्हणालात, "आजारी माणूस म्हणजे मालक. बाकीचे सगळे त्याचे चाकर, मग ते राजाचे पुतणे का असेनात. जहाजावर कोंबड्या पाळायचे त्या फक्त आजाऱ्याच्या रस्स्यासाठी. कप्तानाला वास सुद्धा घेता यायचा नाही. पण मालकालाही एक कायदा होता. त्याने रोज एक तरी गोष्ट मागायचीच. पाणी अन् औषध त्यात धरायचं नाही, ते तर द्यावंच लागतं. दुसरं काहीतरी, मनातलं. अन् ज्या दिवशी मालकाने काही मागितलं नाही, त्या दिवशी सेवा करणाऱ्याचं व्रत मोडलं. त्याला रात्री जेवण नाही." मी विचारलं, पण शिक्षा त्याला का? "मालक मागत नाही म्हणजे त्याचा त्या माणसावर भरोसा नाही. मग दोष कोणाचा?" मला वाटलं, गंमत करताय. पण त्या रात्री तुम्ही खरंच जेवला नाहीत. स्वयंपाक झाकून ठेवलात, ताट उपडं घातलंत आणि पेपर तपासत बसलात. मी अंथरुणातून त्या उपड्या ताटाकडे पाहत होतो आणि मला इतकं वाईट वाटत होतं की तापापेक्षा तेच जास्त आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी मागितलं. काय मागावं सुचेना, म्हणून म्हटलं, ते जहाज कसं दिसतं ते काढून दाखवा. तुम्ही शाळेतून खिशात घालून खडू आणलेत आणि माझ्या खाटेसमोरच्या हिरव्या भिंतीवर जहाजाचं पोट काढलंत, एवढं मोठं की दाराच्या चौकटीपर्यंत गेलं. मग रोज एक गोष्ट. आज तोफा. आज नांगर. आज कोंबड्यांचं खुराडं, तेही काढलंत, आणि त्यात एक कोंबडी अशी रागीट चेहऱ्याची काढलीत की काकू आल्या की आधी तिच्याकडे बघून हसायच्या. पहिली डोलकाठी झाली, तिचं शीड झालं. दुसरी झाली, तिचंही. संध्याकाळी तुमच्या पावलांचा आवाज आला की आज काय मागायचं ते माझं ठरलेलं असायचं. तिसरी डोलकाठी काढलीत आणि त्याच रात्री घाम येऊन माझा ताप उतरला. मग मी उठलो, शाळेत गेलो, तुम्ही पेपरांमध्ये अडकलात. जहाज तसंच राहिलं, मागची डोलकाठी उघडी. पुढे कधीतरी घरमालकाने भिंतीला रंग दिला.

आपल्यात तो कायदा मात्र राहिला. तुमच्या शेवटच्या आजारात मी पुण्याहून नोकरीतून रजा घेऊन आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुम्हाला म्हटलं, आता मालक तुम्ही. तुम्ही हसलात. हसताना दुखायचं तरी हसलात. रोज सकाळी मी विचारायचो, आज काय? एक दिवस म्हणालात, खिडकी उघड, फाटकाचा आवाज येऊ दे. एक दिवस म्हणालात, दाढी कर, आणि नीट कर, मिश्या वाकड्या होतात तुझ्याकडून. एक दिवस ते पुस्तक मागितलंत आणि वाचलं नाहीत, नुसतं छातीवर ठेवून झोपलात. बोलणं कमी कमी होत गेलं तरी एक मागणं चुकलं नाही. शेवटच्या दिवशी मी विचारलं तेव्हा बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, आज राहिलं. मग तुम्ही हळूच म्हणालात, "तू जेवून घे. इथं बस. मी पाहतो." मी तुमच्यासमोर बसून वरणभात जेवलो. एवढं वाईट जेवण मी आयुष्यात कधी जेवलो नाही, आणि पानात एक शीत टाकलं नाही.

त्यानंतर मी आयर्लंडला आलो, त्याला आता इतकी वर्षं झाली की इथल्या पावसाबद्दल तक्रार करायचीही सवय गेली. ब्लँचर्डस्टाउनला माझं छोटं घर आहे, शेजारच्या घराशी भिंत एकच. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतो, हे तुम्हाला आवडलं असतं. लग्न झालं, टिकलं नाही, त्यात वाईट कोणीच नव्हतं. तुम्ही सांगायचात ना, की त्या बेटावर प्रत्येक भाषेच्या सरदारांचं आपापलं वेगळं घर होतं, तिथे ते एकत्र जेवायचे? तसं आमचंही आहे. महिन्यातून एकदा शाळेचा हॉल घेतो, कोणी पोहे आणतं, कोणी जिलबी, पोरं आपसात आयरिश इंग्रजीत भांडतात आणि आयांना मराठीत उत्तर द्यायला लाजतात. तिथे मी सगळ्यांचा काका. विमानतळावर कोणाचे आईवडील आणायचेत, काकांना सांगा. बाळंतिणीला डबा, काकांना सांगा. मी कधी नाही म्हणत नाही. मग सगळं आवरून, खुर्च्या रचून घरी येतो, किल्ली लावतो आणि दिवा लावायच्या आधी थोडा वेळ तसाच उभा राहतो. घरात कोणी नाही हे रोज माहीत असतं, तरी रोज ते पुन्हा नव्याने कळतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तरी नाही झाली.

गेल्या हिवाळ्यात पोटाचं दुखणं सुरू झालं. डॉक्टरने आतून कॅमेऱ्याने तपासायचं ठरवलं. भीती कसली होती ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण तारीख लवकरची दिली, त्यावरून कळायचं ते कळलं. मग हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. सगळ्या सूचना दिल्या, आणि शेवटी, "तुम्हाला घरी न्यायला कोण येणार?" मी म्हटलं, टॅक्सी करेन. ती म्हणाली, टॅक्सी चालणार नाही, गुंगीचं इंजेक्शन देतो, ओळखीचं माणूस हवं, आणि रात्रभर तुमच्यासोबत कोणीतरी राहायला हवं. "बायको? मुलं? मित्र?" बरं होतं तिचं बोलणं, घाई नव्हती. मी म्हटलं, बघून कळवतो. आणि बघितलं काय, तर तारीख पुढे ढकलली. ऑफिसचं काम आहे असं सांगितलं. दुसरी तारीख आली, तीही ढकलली. बाबा, मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचत बसायचो. प्रत्येकाला मी कधी ना कधी विमानतळावर सोडलेलं. एकही माणूस नाही म्हणाला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ह्याचं बाळ लहान, त्याची बायको नोकरीत, हा नवीन आलाय, तो पोर्टलीशला राहायला गेलाय, एवढ्या लांबून कसा येणार. प्रत्येकासाठी कारण मीच शोधून ठेवायचो. पोटात दुखत होतं आणि मी लोकांच्या सोयीचा विचार करत होतो. वेड्यासारखं आहे, पण आहे ते असं.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा नर्स म्हणाली, "हे बघा, माझ्या मते तुम्ही आता थांबू नये." एवढंच म्हणाली. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभा होतो, समोर रंगवलेली पांढरी भिंत. कुठून आलं कोण जाणे, पण मला तुमचं ते उपडं ताट आठवलं. ओट्यापाशी, स्टोव्हच्या बाजूला. तुम्ही उपाशी बसलाय आणि पेपर तपासताय. मी तसाच चपला घालून बाहेर पडलो आणि शेजारच्या घराची बेल वाजवली.

शेजारीण म्हणजे एक म्हातारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रेलियात. आमची ओळख कचऱ्याच्या डब्यांची. तिचे डबे मी रस्त्यावर नेऊन ठेवतो, ती खिडकीतून हात करते, हवेबद्दल दोन वाक्यं बोलतो, संपलं. तिने दार उघडलं. हॉस्पिटल, गुंगी, रात्र, असं काहीतरी तोडकंमोडकं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं माझे डबे ओढतोयस, मला वाटलं तू कधी काही मागणारच नाहीस. बरं झालं. माझ्या मुलीच्या खोलीत झोप, तिथे हीटर चांगला आहे." मग तारीख कॅलेंडरवर लिहिली, दाताच्या डॉक्टरच्या तारखेखाली. एवढं सोपं होतं ते. मला तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं.

तपासणी झाली. दोन गाठी निघाल्या, त्या काढल्या. घातक नव्हत्या, पण तशाच राहिल्या असत्या तर पुढे झाल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाला. संध्याकाळी मी त्या अनोळखी खोलीत पडून होतो, भिंतीवर तिच्या मुलीच्या शाळेतल्या बक्षिसांच्या रिबिनी. शेजारीण दारात आली, "काय हवं तुला?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काही नको, आय अ‍ॅम ग्रँड." इथे सगळे तेच म्हणतात, हात मोडला तरी ग्रँड. ती वळली, जिन्यापर्यंत गेली. मी हाक मारली. म्हटलं, भात मिळेल का, मऊ? ती जरा गोंधळली, मग म्हणाली प्रेसमध्ये आहे काहीतरी. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिने डब्यातली दुधातल्या तांदळाची गोड खीर गरम करून आणली, वर जॅमचा एक गोळा. वरणभाताशी तिचा काही संबंध नव्हता. मी वाडगं पुसून खाल्लं. ती खुर्चीत बसून पाहत होती, आणि मला तुम्ही आठवलात, आणि डोळे भरून आले ते मी गुंगीवर ढकललं.

म्हणून बरं वाटल्यावर माल्टाला गेलो. एवढं ज्या कायद्याने तारलं तो जिथे जन्मला ती जागा बघावी, असं मनात होतं. त्या सरदारांच्या जुन्या रुग्णालयाचं दालन अजून उभं आहे, लांबच लांब, आपल्या शाळेच्या व्हरांड्यासारखे दहा व्हरांडे एकापुढे एक लावावेत तसं. माहिती सांगणारी बाई अभ्यासू होती, तिला तिच्या विषयाचं प्रेम होतं. म्हणाली, इथे रुग्णांना मालक म्हणायचे. मी मान डोलावली. म्हणाली, त्यांना चांदीच्या भांड्यांत वाढायचे, सरदार स्वतः वाढायचे. बरोबर. जहाजांवर आजाऱ्यांसाठी कोंबड्या ठेवायचे. अगदी बरोबर. लोक पुढे सरकले तेव्हा मी तिला गाठून विचारलं, आणि तो रोज एक गोष्ट मागायचा कायदा? मालकाने मागितलं नाही तर सेवा करणाऱ्याला जेवण नाही, तो? तिने कपाळाला आठ्या घातल्या. मला पुन्हा नीट सांगायला लावलं. मग म्हणाली, "मी या नियमावल्यांवरच बरीच वर्षं काम केलंय. असा नियम नाही कुठे. तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. "ते इतिहासकार होते का?" मी म्हटलं, हो. सातवी-आठवीचे.

बाहेर येऊन बंदराच्या कट्ट्यावर बसलो. आधी राग आला, खरं सांगतो. मी तो कायदा इतकी वर्षं इतिहास म्हणून सांभाळला, आणि तुम्ही तो माझ्या खाटेशेजारी उभ्या उभ्या रचला होता, भिंतीकडे तोंड करून. मग हळूहळू सगळं उलगडत गेलं. माझं पोर मागत नाही, ते पाण्यावाचून पडून राहील पण मागणार नाही, मी घरी नसताना याचं काय होईल, ही तुमची काळजी होती, आणि सांगून ते मला पटलं नसतं. म्हणून तुम्ही उपाशी राहिलात. आणि शेवटच्या आजारात? तुम्हाला तर ठाऊक होतं की असा कायदा नाही. तुम्हाला काही मागायची गरजच नव्हती. तुम्हीही माझ्यासारखेच, मागायचा कंटाळा, नव्हे लाज. तरी एक दिवस चुकवला नाहीत. मला त्या निळ्या पाण्यासमोर रडू आलं आणि ते मी थांबवलं नाही. परक्या गावात एकट्याने फिरण्याचा तेवढा एक फायदा असतो.

परत आलो तर शेजारीण बाथरूममध्ये घसरून मनगट मोडून बसलेली. हात गळ्यात बांधलेला, आणि काही हवं का म्हटलं की, "मी ग्रँड आहे, तू तुझं काम बघ." मी कढी नेऊन दिली, म्हणाली, कशाला त्रास घेतलास. दुसऱ्या दिवशी गेलो तर उजव्या हाताने काही उघडता येईना म्हणून सकाळपासून कोरडा ब्रेड खाऊन होती. आमच्यामधली ती एकच भिंत ठोकली असती तर मी आलो असतो. मुलीला ऑस्ट्रेलियात कळवलंही नव्हतं, उगाच काळजी करेल म्हणे. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तुमच्यासारखाच राग चढला, अगदी "तोंड नाही का तुले" म्हणण्याइतका. तो गिळला. खुर्ची ओढून बसलो आणि तिला त्या जहाजाची गोष्ट सांगितली. तीन डोलकाठ्या, हिरवं पाणी, बिस्किटं, तिच्या टेबलावर एक बिस्किट आपटूनही दाखवलं. मग मालक आणि चाकर, आणि मग तो कायदा. तिने चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे खरं आहे?" मी म्हटलं, एकदम खरं, आत्ताच माल्टाला जाऊन खात्री करून आलो. "आणि मी काही मागितलं नाही तर तू उपाशी?" मी म्हटलं, कायदा आहे, काय करणार. तिने डाव्या हाताने टेबलावरचा बिस्किटाचा चुरा गोळा केला. बाहेर पाऊस लागला होता. मग म्हणाली, "तसं असेल तर बातम्या संपेपर्यंत बस. एकटीला बातम्या बघायला आवडत नाहीत मला." मी बसलो. बातम्यांनंतर हवामान लागलं, तेही बघितलं.

आता रोज जातो. मनगट बरं होत आलंय, पण तिने अजून मालकपण सोडलेलं नाही आणि मीही आठवण करून देत नाही. तुमचं खोटं मी पुढे चालवलंय, तेही माल्टाचं नाव घेऊन. चालेल ना तुम्हाला?

हे पत्र टाकणार कुठे? नागपूरचं ते भाड्याचं घर पाडून तिथे दुकानं झाली, ती भिंतही गेली. लिहून झालं की घडी घालून कपाटात ठेवीन. पण एक राहिलंय, बाबा, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. ताप उतरला त्या सकाळी मी अंथरुणात उठून बसलो होतो आणि समोर ती उघडी डोलकाठी होती. तुम्ही दाढी करत होतात. मला शीड हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मी बरा झालो होतो, आणि मागायचा हक्क फक्त आजाऱ्याला, म्हणून गप्प बसलो. मी आजही बरा आहे, बाबा, काही दुखत नाहीये. तरी मागतो. तेवढं शीड काढून द्या.